जिन्याला दुसरा कठडा

बी-११ (तिसरा मजला): सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगमध्ये जिन्याचा विषय घ्यावा ही विनंती. आईचा उजवा गुडघा झिजलाय. आधार डाव्या हाताला लागतो. चढताना आपला कठडा डावीकडे येतो, म्हणून ती कशीबशी चढते. उतरताना तोच उजवीकडे जातो आणि डाव्या हाताला नुसती भिंत. ५४ पायऱ्या. डोंबिवलीत १९९९ ला पाडव्याची पहिली शोभायात्रा निघाली, तेव्हापासून आईने एकही चुकवली नव्हती. यंदा खाली उतरलीच नाही. भिंतीकडूनही कठडा बसवूया, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकायला एक खुर्ची ठेवूया.

ए-४: ताई, कठडा बसवाच. पण गुडघ्यातलं वंगण संपलं असेल तर कठड्याने काय होणार? आमच्या हिने तेल लावून बघितलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

ए-९: काका, माझी मुलगी फिजिओ आहे, तिला विचारून लिहिते. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत आवरण, झिजते, ती तेलाने भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट केले तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे. रोज. आणि वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. दुखतं म्हणून बसून राहिलं तर स्नायू आणखी सुकतात.

बी-३ काकू: माझे दोन्ही गुडघे बदललेत. त्याआधीची दोन वर्षं कोणाला बोलले नाही, आज बोलते. रात्री उठायला लागू नये म्हणून मी संध्याकाळी पाचनंतर पाणीच प्यायचे नाही. देवपूजा खुर्चीवर बसून करायची लाज वाटायची. हळदीकुंकवाला जायचं टाळायचे, खाली बसवलं तर उठवणार कोण? पोरांना वाटायचं, आई चिडचिडी झालीय.

बी-११: काकू, आईही पाणी कमी पिते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजच विचारते तिला.

बी-३ काकू: विचार. आणि मनाने पेनकिलर घेत असेल तर डॉक्टरांना सांग, किडनीला आणि बीपीला त्रास होतो. ऑपरेशनची वेळ आलीच तर कृत्रिम सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांग. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने त्यावर कमाल मर्यादा घातली होती.

सी-२ (तळमजला): विरोध नाही, पण जिना अरुंद आहे. कपाट, स्ट्रेचर वर कसं न्यायचं? आणि खर्चाचा वाटा सगळ्यांवर का?

ए-४: दादा, तुमच्या आई गच्चीवर पापड वाळवायला यायच्या. शेवटच्या कधी आल्या आठवतंय का?

सी-२: दिवाळीच्या आधी. बरोबर आहे. माझी हरकत मागे घेतो. फक्त कठड्याची नळी भिंतीला जवळ बसवा, बोटं फिरतील एवढीच जागा सोडून.

सचिव: विषय घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची ठेवता येणार नाही, वाट अडते. भिंतीला घडीची फळी बसवता येईल. फॅब्रिकेटर शनिवारी अकराला माप घ्यायला येतोय.

ए-९: तोवर आजींना सांगा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

बी-११: सचिवकाका, उंची ठरवताना फॅब्रिकेटरला आधी आमच्याकडे पाठवा. आई दारात उभी राहील, तिचा हात कुठे टेकतो ते बघूनच खूण करू द्या.