'गिव्ह फायर'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, जरा डोकं चालवा. आम्ही इंग्लंडात असतो, इथे सील्ड नॉट म्हणून हौशी लोकांची संस्था आहे, १९६८ पासूनची, ते इथल्या यादवी युद्धातल्या म्हणजे १६४० च्या दशकातल्या लढाया मैदानावर करून दाखवतात. परवा अगदी दोरीला चिकटून उभी राहून बघितलं. बंदूक भरताना पेटती वात डाव्या हाताच्या बोटांत, दारूपासून लांब. मग वातीवरची राख फुंकायची, वात चिमट्यात अडकवायची आणि अधिकारी ओरडतो 'गिव्ह फायर'. नुसतं फायर नाही! मराठी शाळेतल्या पोरांसाठी लिहायला बसले नि तिथेच अडले. 'गोळी झाडा' म्हणावं तर गोळी नसतेच, नुसती दारू. 'फैर झाडा' चालेल का?

—

फैर म्हणजे इंग्रजी फायरच हो ताई, फिरून तिथेच आलात :) 'बत्ती द्या' म्हणा की. चाप ओढला की पेटता तोडा, म्हणजे तुमची वात, खाली येऊन रंजकेला, म्हणजे बाहेर ठेवलेल्या चिमूटभर दारूला टेकतो, रंजक भडकते, तिची आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून आत जाते आणि मग बार उडतो. माणूस फक्त विस्तव देतो. म्हणजे त्यांचं 'गिव्ह' शब्दशः आहे, आपण तोफेला बत्ती देतो तसंच. तोफांच्या कानात खिळे ठोकले असं इतिहासात वाचतो ना, तोच हा कान.

—

बत्ती तोफेला ठीक, बंदुकीचा आपण बार काढतो. आणि वात कसली, वात समईत. जामगी म्हणा. तोडा पण बरोबरच आहे, तोड्याची बंदूक म्हणतातच, पण पोरांना आजीच्या हातातले तोडे आठवायचे.

—

बिनगोळीच्या बाराला वायबार म्हणतात, कुणीच कसं नाही सांगितलं? आणि नुसती रंजक भुर्रकन जळून आत काहीच पेटलं नाही तर तो फुसका बार, हे दोन एक करू नका. अवांतर, कवायत हे अरबी कायद्याचं अनेकवचन, आणि ही कवायत खरंच नियमांचीच होती, १६०७ मध्ये याकोब द गेनने हॉलंडात एकट्या मस्केट बंदुकीसाठी ४३ चित्रं छापली, एकेका हुकमाला एकेक चित्र.

—

४३!! पोरं पाचव्याला पळतील. बरं, ठरलं. जामगी फुंका, जामगी चढवा, बत्ती द्या. 'बार काढा' पण छान आहे पण मग फुंकण्याशी धागा तुटतो, म्हणून बत्तीच ठेवते. आता सुरुवातीचा सावध करणारा हुकूम 'हॅव अ केअर' तेवढा राहिला. सावधान लिहिलं तर सगळी टाचा जुळवून ताठ उभी राहतील.

—

खबरदार!

—

अहो दचकले ना मी. पण हेच घेते.