प्रतिसाद: नर्सने औषध लिहावं का?
वर एकाने लिहिलंय की नर्सला प्रिस्क्रिप्शन लिहू दिलं तर पेशंटच्या जिवाशी खेळ होईल. अहो, मागच्या पावसाळ्यात आई परळला आयसीयूत होती, रात्री अडीचला सिस्टरने मॉनिटर नाही, लघवीची पिशवी बघितली, म्हणाली दादा संध्याकाळपासून एवढीच? आणि गेली तशीच रेसिडेंटला, म्हणजे ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला उठवायला, तो बिचारा आदल्या सकाळपासून ड्युटीवर. सही त्याची, लक्ष हिचं.

डॉक्टरांचा विरोध अगदीच फालतू नाही म्हणा, 2019 च्या एनएमसी (नॅशनल मेडिकल कमिशन) कायद्यातलं कलम 32 मोघमच होतं, डॉक्टर नसलेल्या ज्या कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित औषधं लिहायची परवानगी दिली तो म्हणजे नेमका कोण हेच धड कळत नव्हतं, त्यावर आयएमएने, डॉक्टरांच्या संघटनेने, 31 जुलैला संप केला ते समजू शकतो. पण क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे आयसीयूसाठी जादा शिकलेली नर्स, ही वेगळी गोष्ट आहे, बीएस्सी नर्सिंग, अनुभव आणि वर दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणं. आणि अमेरिकेत 1965 ला कोलोरॅडोत हा नर्स प्रॅक्टिशनरचा प्रकार सुरू केला तो एका नर्सने आणि एका बालरोगतज्ज्ञाने मिळूनच की! तिथेही अजून राज्याराज्यात नियम वेगळे, कुठे स्वतंत्र प्रॅक्टिस तर कुठे डॉक्टरशी करार लागतो.

आपल्याकडे एवढं शिकून आलेल्या पोरीला पद कोणतं, पगार किती आणि डोस चुकला तर जबाबदार कोण, भांडायचंच तर यावर भांडा ना.