भर उन्हात निसर्गचित्राला फ्लॅश: गरज की खोड?

रानवाट:
गेल्या सप्टेंबरात कासला तेरडा ऐन भरात होता. दुपारचे चार, ऊन समोरून. आकाशाला एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) धरलं की फुलं काळीठिक्कर, फुलांना धरलं की ढग पांढरेफटक. शेवटी संवेदनशीलता आयएसओ 100, भिंगाचं छिद्र एफ/11, शटर 1/200 सेकंद ठेवून फ्लॅश दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करून मारला. ग्रुपवर फोटो टाकल्या टाकल्या शेरा आला, "लग्नातला वाटतोय!" उन्हात माणसाच्या चेहऱ्याला फ्लॅश चालतो, मग चार फुटांवरच्या तेरड्याने काय घोडं मारलंय? माझ्या डोळ्यांना ती फुलं गुलाबीच दिसत होती.

जुना_रोल:
लग्नातला म्हणणारा मीच. अहो, तेरड्याच्या पाकळीतून ऊन आरपार येतं तेव्हा ती आतून पेटल्यासारखी दिसते. समोरून फ्लॅश मारलात की तीच पाकळी पताकेच्या कागदाची. दवबिंदू या कीटकभक्षी रोपट्याचं तर विचारूच नका. त्याच्या चिकट थेंबांत ऊन अडकतं म्हणून आपण चिखलात पोटावर झोपतो, आणि फ्लॅशने उरतात नुसते पांढरे ठिपके. सावल्याच हव्यात तर रॉ फाईलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाईलमधून) नंतर दोन स्टॉप उजळा की.

रानवाट:
तुमच्या कॅमेऱ्यात उजळत असतील. माझा दहा वर्षांचा म्हातारा आहे, सावली उजळली की रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडावेत, तर पठारावरचा वारा एकाही फुलाला दोन फ्रेमभर जागेवर राहू देत नाही.

त्रैराशिक:
दोघंही फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसलाय असं धरून भांडताय. गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, त्याला एफ-आकड्याने भागलं की मीटरमधला पल्ला) 40 चा फ्लॅश एफ/11 ला साडेतीन मीटरपर्यंत पुरतो, म्हणजे प्रश्न फक्त पुढच्या फुलांचा. (कोकणकडा फ्लॅशने उजळायला निघालेले महाभागही पाहिलेत.) कॅमेरा जमिनीलगत आणि फ्लॅश त्याच्यावर असेल, तर एक मीटरवरच्या फुलाला चार मीटरवरच्यापेक्षा सोळापट उजेड मिळतो. पुढचं फूल भगभगीत, मागे अंधार. लग्नातला वाटतो तो यामुळे! तोच फ्लॅश काठीला बांधून दीड मीटर उंच धरा, फरक साडेपाच पटीवर येतो. तोंड जरा मागच्या फुलांकडे वळवलंत तर आणखी कमी. ऊन कलल्यावर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, नाहीतर फुलं निळसर आणि डोंगर सोनेरी दिसतील. आणि 1/200 सोडून वर जाऊ नका, त्याहून वेगवान शटरला लागणाऱ्या हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅशचा जोर निम्म्याहून खाली येतो.

सोनकी_सातारा:
एवढा खटाटोप कशाला? ऊन समोर असेल तर पांढरा पंचा ताणून धरायचा, तोंड सूर्याकडे. उन्हाचाच उजेड परततो, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. हातभर अंतराच्या पुढे काही पोचत नाही, तेही खरं. पण पंचा काय, काठी काय, धरणारा उभा कुठे राहणार ते आधी सांगा. एका फोटोपायी मागची वीतभर उंचीची गेंदाची (पांढऱ्या गोंड्यासारखी) फुलं तुडवलेली मी दरवर्षी बघते.

रानवाट:
पायवाट सोडली नाही, शपथ. रविवारी मोनोपॉडला (कॅमेऱ्याच्या एकपायी काठीला) फ्लॅश बांधून वर धरला, जेलही लावला. नवा फोटो टाकलाय.

जुना_रोल:
बघितला. लग्नातला नाही वाटत आता. साखरपुड्यातला वाटतो.