आखेन सोडून सांगलीला परत : कोणतं काम कधी उरकायचं?

विश्रामबाग_सांगली
मुलाचं जर्मनीत आखेनला एम.एस. सप्टेंबरअखेर संपतंय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो कायमचा परत येणार. खासगी मालकिणीची खोली आहे, अनामत भरलेली आहे. शिकताना एका कंपनीत वर्किंग स्टुडंट म्हणून कामही केलंय. आज 24 जून. कामं कोणत्या क्रमानं करावीत? शिवाय ऑगस्टमध्ये पुतण्या तिकडे जातोय. मालकीणबाई आणि प्राध्यापकांसाठी त्याच्याबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे पाठवावेत असं सौ.चं म्हणणं आहे. ज्या गावानं पोराला सांभाळलं, त्याचा निरोप नीट घेतला जावा एवढीच इच्छा.

कृष्णाकाठ
काका, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी खोलीची नोटीस. बेमुदत भाडेकरार असेल तर तीन महिन्यांची नोटीस लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकिणीच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. जुलैचा हा दिवस हुकला की ऑक्टोबरचं भाडं अंगावर येतं. ई-मेल, व्हॉट्सॲप चालत नाही. कागदावर पेनानं केलेली सही हवी. पत्र हातात देऊन पोच घ्यावी. करार ठरावीक मुदतीचा असेल किंवा नोटिशीचं वेगळं कलम असेल तर हिशोब बदलतो, म्हणून करार आजच वाचायला सांगा.

अनामत तिथे हीटिंग वगैरे खर्च सोडून तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण ती चावी दिल्याबरोबर परत मिळेल असं समजू नका. हीटिंग-पाण्याचा वार्षिक हिशोब बाकी असतो, त्यासाठी काही रक्कम मागे ठेवतात. काही महिने सहज जातात. कापली जाते ती मुख्यतः भिंतीतली भोकं, बाथरूममधले पाण्याचे पांढरे थर, खिडकीच्या कडेची बुरशी आणि ओव्हनमधलं तेल यांपायी. आपल्या पोरांच्या स्वयंपाकघरात त्यात हळदीची भर. पांढऱ्या ओट्यावरचा पिवळा डाग घासून निघत नाही, पण हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. जे उचलून उन्हात ठेवता येईल ते ऑगस्टच्या उन्हात ठेवावं, सप्टेंबरअखेर ऊन कमी होतं. चावी देताना दोघांच्या सहीचा ताबापत्रक-कागद करावा : प्रत्येक खोलीची स्थिती, मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या. फोटो काढावेतच. पुढे वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.

मग आबमेल्डुंग, म्हणजे पालिकेतून नाव कमी करणं. घर सोडण्याच्या आधी एक आठवडा ते सोडल्यानंतर दोन आठवडे, एवढ्यातच ते करायचं. मिळालेलं प्रमाणपत्र जपावं. मोबाइल-इंटरनेटचा करार मुदतीआधी तोडायला, आरोग्य विमा थांबवायला, रेडिओ-टीव्हीचं शुल्क बंद करायला तेच दाखवावं लागतं. हे शुल्क घरटी महिन्याला 18.36 युरो आहे आणि ते आपोआप थांबत नाही. मुलाच्या नावावर असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. तो राहिला की सांगलीत बसून थकबाकीची पत्रं वाचावी लागतात.

विश्रामबाग_सांगली
नोटीस उद्याच द्यायला सांगतो. बँकेचं खातं येतानाच बंद करायचं ना?

अजिंक्यतारा_४१५
नको काका. अनामत आणि प्राप्तिकराचा परतावा त्याच खात्यात यायचा आहे. कापलेला कर परत मागण्यासाठी स्वेच्छेनं विवरणपत्र चार वर्षांपर्यंत भरता येतं, त्यामुळे पगाराच्या वार्षिक पावत्या फेकू नयेत. खातं चालू ठेवताना बँकेला सांगलीचा पत्ता कळवावा. पुढे फोन बदलला की ॲप सुरू करायचं पत्र अनेकदा टपालानं येतं, आणि ते आखेनच्या रिकाम्या खोलीवर गेलं तर खातं असून नसल्यासारखं.

पगारातून पेन्शनचे 9.3 टक्के कापले असतील. भरणा 60 महिन्यांपेक्षा कमी असेल तर युरोपीय संघाबाहेर राहायला गेल्यावर, शेवटच्या सक्तीच्या हप्त्यापासून 24 महिन्यांनी, मुलाचा स्वतःचा वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही. परतावा घेतला की तेवढे महिने पेन्शनच्या खात्यातून कायमचे पुसले जातात. पुन्हा जर्मनीत नोकरीचा विचार असेल तर हात लावू नये.

याच ओघात एक विचारतो : परतायचं खरंच पक्कं आहे ना? तिथली पदवी घेतलेल्याला नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळू शकतो. कायमचं म्हणून देश सोडला की राहण्याचा परवाना संपतो. हे बोलणं नोटीस देण्याआधी घरात एकदा होऊ द्या.

कागदांबाबत, प्रबंधाचा निकाल लांबला तर पदवीपत्र मुलगा तिथून निघाल्यावर तयार होतं. ते घेण्यासाठी विश्वासू मित्राच्या नावानं सहीचं अधिकारपत्र ठेवून यावं. विद्यापीठाचा ई-मेल बंद होण्याआधी गुणपत्रकं उतरवून घ्यावीत. कंपनीकडून नुसता अनुभवाचा दाखला न घेता कामाच्या मूल्यमापनासह सविस्तर प्रमाणपत्र मागावं, तो त्याचा हक्क आहे. आणि अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, भारत-जर्मनीत चालत नाही. इथे सरकारी कामासाठी पदवी प्रमाणित लागणार असेल तर आधी जर्मन कार्यालयाचं साक्षांकन, मग तिथल्या भारतीय वकिलातीचं.

मिरजेची_ताई
वहिनींना सांगा, पेढे नकोत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आपला बेदाणा पाठवा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, भेट म्हणून शोभतोही. कंपनीच्या पाकिटातला, सीलबंद घ्या. हळदीचं छोटं पाकीट चालेल. भडंग तिखट नको, त्या लोकांना झेपत नाही.

प्राध्यापकांना मात्र वस्तूपेक्षा हातानं लिहिलेलं कार्ड द्यावं, तेही निकाल लागल्यावर. आधी दिलेली भेट त्यांना अडचणीत टाकते. शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं तर तीन आठवडे आधी तारीख विचारावी. तिथे कुणी आयत्या वेळी येत नाही.

विद्यार्थ्यांचं प्रवासाचं तिकीट साधारण सत्राबरोबर, 30 सप्टेंबरला संपतं. मित्रांना भेटायला गावोगाव जायचं ते त्याआधी. गावातलं राहिलेलं काही असेल तर कॅथेड्रलमधलं शार्लमेन सम्राटाचं सिंहासन बघावं, ते फक्त मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीत दिसतं. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमा जिथे मिळतात ती फाल्सची टेकडीही जवळच आहे.

येताना घरच्यांसाठी तिथली प्रिंटन बिस्किटं आणावीत. चॉकलेट लावलेली नकोत, ऑक्टोबरच्या उन्हात मुंबईहून सांगलीपर्यंत टिकणार नाहीत. साधी कडक घ्यावीत, ती बरेच दिवस राहतात. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.