मदत हवी आहे : माजी सैनिकाची दारू कमी करायला अ‍ॅप?

आमचे अण्णा सुभेदार म्हणून रिटायर झाले. कॅन्टीनच्या कोट्यातली रम आता रोजची झालीये. सकाळी हात थरथरतात, म्हणून डॉक्टरांनी औषधं सुरू केलीत आणि 'एकदम बंद करू नका' असं बजावलंय. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं की भडकतात; मोबाईल मात्र हातातून सुटत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी 'व्हेटचेंज' अ‍ॅप आहे, पण त्यात दारू 'ड्रिंक'मध्ये मोजतात आणि तिथला एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. अण्णांचा ६० मिलीचा पेग त्या हिशोबाने जवळजवळ दीड भरतो, तोही मोजून ओतला तर!

मराठी-हिंदीत पेगची नोंद ठेवणारं अ‍ॅप कुणाच्या घरी वापरलंय का? नोंद खाजगी राहते ना? गावात बोभाटा झाला तर अण्णा फोनच फेकून देतील.