लो-कार्ब आहाराची रोजनिशी चारचौघांपुढे लिहावी का?

मृण्मयी_नाशिक
लो-कार्ब (कमी कर्बोदकांच्या) आहाराची ऑनलाइन रोजनिशी म्हणजे वजनकाट्याचे प्रदर्शन, असे काल येथे अनंतकाकांनी लिहिले. ते मला झोंबले. गेले सात महिने मी रोज रात्री खाल्लेले सर्व लिहिते, आणि ऑफिसात केक समोर आला की तो रात्री लिहावा लागेल या जाणिवेनेच हात मागे येतो. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बटाटे सोडून वर्षभरात सुमारे २१ किलो वजन कसे उतरवले, याची हकीकत १८६३ साली स्वखर्चाने छापून वाटली होती. त्यांना आपण प्रदर्शन मांडणारे म्हणणार का?

अनंत_सांगली
नोंदीला माझा विरोध नाही, प्रेक्षकांना आहे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात तेव्हा सगळे शाबासकी देतात; पण शरीरातील ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपताना त्याच्याबरोबर साधारण तिप्पट पाणी जाते, त्यामुळे ती घट बहुतांशी पाण्याची असते. पुढे माझा काटा तीन आठवडे हलला नाही, तेव्हा वाचकांच्या भीतीने मी रात्रीचा भात नोंदीतून वगळू लागलो. वहीत मी असे कधी केले नसते.

पीठगिरणी
मृण्मयीताई, तुमच्या नोंदीत ‘दोन भाकऱ्या’ आणि ‘कार्ब नगण्य’ एकाच ओळीत आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणजे जवळजवळ गव्हाइतकीच.

सोलापूरकर
ज्वारीला दोष देणे थांबवा. माझे आजोबा दोन्ही वेळा तीन-तीन भाकऱ्या खात आणि त्यांना शेवटपर्यंत मधुमेह नव्हता.

पीठगिरणी
आजोबा दिवसभर शेतात राबत होते, आपण खुर्चीत बसतो. मी ज्वारीला दोष दिलेला नाही. ती लो-कार्बच्या हिशेबात बसत नाही, एवढेच म्हणतो आहे.

सोलापूरकर
हिशेबात बसत नसेल, तर तो आहार आमच्या मातीतला नाही असे सरळ लिहा! भाकरी सोडून बदाम खाणे किती घरांना परवडते, याचाही कोणी हिशेब मांडावा.

सुनीता_ठाणे
भाकरीचा वाद क्षणभर बाजूला ठेवावा, ही विनंती. माझ्या यजमानांनी अशीच एक रोजनिशी वाचून एका दिवसात पोळी-भात सोडला. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चालूच होती. पहाटे ते घामाने भिजून उठले, तेव्हा रक्तातील साखर ५४ पर्यंत उतरली होती. ही गोळी साखर खाली आणते, त्यामुळे जेवण बदलताना डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागतो. त्या रोजनिशीत पाककृती भरपूर होत्या, पण लिहिणारी व्यक्ती कोणतीही गोळी घेत नव्हती हे कुठेच नव्हते.

मृण्मयी_नाशिक
सुनीताताई, हे मी लिहायला हवे होते. मला मधुमेह नाही आणि औषधे नाहीत, हे आजपासून पहिल्या ओळीत असेल. भाकरीचे म्हणणेही मान्य करावे लागते. यापुढे पीठ तोलून लिहीन. लिहिणे मात्र थांबवणार नाही.

अनंत_सांगली
थांबवू नका, पण पूर्ण लिहा. गणपतीतले सहा दिवस तुमच्या रोजनिशीत कोरे आहेत.

मृण्मयी_नाशिक
त्या सहा दिवसांत माहेरी रोज मोदक खाल्ले. आज रात्री ते मोजून लिहिते.