अनुभव धागा : राज्याच्या अर्थसंकल्पाकडून पुण्याच्या लघुउद्योगाने काय मागावे?

संयोजक
राज्याचा अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो आणि त्याआधी उद्योग संघटनांची निवेदने मंत्रालयात पोहोचतात. त्यांत प्राप्तिकर आणि जीएसटीच्या दरांविषयीच बरेच लिहिलेले असते. वास्तविक प्राप्तिकर हा केंद्राचा विषय आहे आणि जीएसटीचे दर परिषदेत ठरतात. व्यवसाय कर, वीज शुल्क, मुद्रांक शुल्क आणि आयटीआय मात्र राज्याच्या हातात आहेत. मनुष्यबळ आणि कर यांबाबत आपणांस प्रत्यक्ष आलेला अनुभव कृपया येथे लिहावा.

सुटे भाग उत्पादक, भोसरी
माझ्यापुरते बोलायचे तर करसवलतीपेक्षा शिकलेल्या हातांची निकड मोठी आहे. आमच्याकडे आयटीआय करून आलेली मुले मेहनती असतात, परंतु सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर पहिला जॉब (सुटा भाग) उतरल्यावर मायक्रोमीटरने माप घेणे, त्यातील फरक पाहून ऑफसेट, म्हणजे यंत्रातील मापाची दुरुस्ती, बदलणे आणि टूलची धार गेली आहे हे आवाजावरून ओळखणे, हे त्यांना कारखान्यातच शिकवावे लागते. तोवर वाया जाणारा माल आणि त्यांच्याशेजारी उभ्या राहणाऱ्या जुन्या सेटरचा (यंत्र लावून देणाऱ्या कारागिराचा) वेळ, दोन्हींचा खर्च छोट्या कारखानदारावर पडतो; आणि मुलगा तयार झाला की चाकणची मोठी कंपनी त्याला जास्त पगार देऊन घेऊन जाते. मुलाचे भले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रशिक्षणाचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न उरतोच.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरले. मुलांना त्याचा निश्चितच आधार झाला. आता जो कारखाना अशा प्रशिक्षणार्थीला मुदत संपल्यावर नोकरीवर कायम ठेवील, त्याला पहिल्या वर्षी वेतनाचा काही भाग मिळावा आणि आयटीआयमधील जुनी यंत्रे बदलण्यासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, अशा दोन मागण्या मी लेखी दिल्या आहेत.

मनुष्यबळ अधिकारी, चाकण
आमच्या असेंब्ली लाइनवर स्त्रिया उत्तम काम करतात, पण दुसऱ्या पाळीसाठी त्या क्वचितच तयार होतात. पाळी सुटल्यावर राजगुरुनगर किंवा आळंदीच्या बाजूला परतायचे कसे, ही त्यांची पहिली अडचण. मोठी कंपनी स्वतःची बस ठेवते. पंधरा-वीस माणसांच्या कारखान्याला ते परवडत नाही. शिवाय तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावरील कोंडीत बस अडकली की संपूर्ण पाळीच उशिरा सुरू होते. औद्योगिक क्षेत्रासाठी सामाईक बससेवा आणि कामगार स्त्रियांसाठी वसतिगृह, यांना मी कोणत्याही करसवलतीच्या आधी स्थान देईन.

फाउंड्री चालक
२०२० च्या अर्थसंकल्पात उद्योगांचे वीज शुल्क ९.३ वरून ७.५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली होती. धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या आम्हा भट्टीवाल्यांना तिचे मोल ठाऊक आहे. हे शुल्क आणखी उतरावे, एवढेच म्हणणे आहे.

करसल्लागार, सदाशिव पेठ
व्यवसाय कराकडे निवेदनांत कमी लक्ष जाते. महिना १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याकडून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. चौदा-पंधरा हजारांचा हेल्पर आणि दीड लाखाचा व्यवस्थापक सारखाच कर भरतात. स्त्रियांसाठी एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. २,५०० ही कमाल मर्यादा राज्यघटनेनेच घातलेली असल्याने ती वाढवणे राज्याच्या हातात नाही, पण सूट कोठपर्यंत द्यावी हे राज्य ठरवू शकते. पुरुषांनाही २५,००० पर्यंत सूट मिळावी, असे माझे ठाम मत आहे. अशी मागणी करताना आपल्या कारखान्यातील किती जणांचे वेतन या टप्प्यात येते, याचा तक्ता निवेदनाला जोडावा.

सुटे भाग उत्पादक, भोसरी
वरील सूचना पटली. आमच्या वेतनपत्रकात बहुतेक हेल्पर आणि नवे ऑपरेटर याच टप्प्यात आहेत. त्यांची नावे वगळून तक्ता संघटनेकडे देत आहे. शेजारच्या गाळ्यांतील उद्योजकांनीही आपापला द्यावा, म्हणजे निवेदन एकत्रच पाठवता येईल.